कृष्णवर्णीय कॉन्झर्वेटिव्ह आणि अफर्मेटिव्ह ॲक्शनचा शेवट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२९ जून २०२३ ला कॉलेजप्रवेशात वर्ण पाहायला मनाई करणारा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला, तेव्हापासून हे प्रश्न येत राहिले आहेत. काही न्यू जर्सीतल्या मराठी पालकांचे, ज्यांची मुलं बारावीला आहेत. काही पुण्या-नागपूरचे, आरक्षणाच्या वादात अमेरिकेचा दाखला हवा असलेल्यांचे. बहुतेकांचा सूर एकच असतो : कृष्णवर्णीय माणूसच कृष्णवर्णीयांच्या सवलतीला विरोध करतो, हे कसं? मी या कृष्णवर्णीय कॉन्झर्वेटिव्ह मंडळींशी बऱ्याच मुद्द्यांवर सहमत नाही. पण वर्षानुवर्षं त्यांना वाचत आलो आहे, आणि 'गोऱ्यांचे पोपट' म्हणून त्यांना मोडीत काढणं मला अन्यायाचं वाटतं. म्हणून ही उत्तरं जरा सविस्तर लिहिली आहेत.

१. अफर्मेटिव्ह ॲक्शन म्हणजे आपलं आरक्षणच ना?

नाही. 'अमेरिकेत आरक्षण रद्द' असे मथळे आले, ते चुकीचे होते.

आपल्याकडे राज्यघटनेच्या १५(४) आणि १६(४) या कलमांचा आधार आहे, जातींच्या याद्या आहेत, ठरलेले टक्के आहेत. अमेरिकेत यातलं काहीच नव्हतं. मार्च १९६१ मध्ये केनेडींनी सरकारी कंत्राटदारांसाठी आदेश काढला, त्यात 'अफर्मेटिव्ह ॲक्शन' हा शब्द आला. तिथे त्याचा अर्थ होता, भरती करताना वर्णावरून भेदभाव होत नाही ना, हे नुसतं बोलू नका, पावलं उचलून दाखवा. ४ जून १९६५ ला हॉवर्ड विद्यापीठात जॉन्सन म्हणाले की वर्षानुवर्षं बेड्यांत अडकलेल्या माणसाला सोडवून शर्यतीच्या रेषेवर आणून उभं करायचं आणि 'आता पळ सगळ्यांबरोबर' म्हणायचं, याला न्याय म्हणत नाहीत. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ११२४६ क्रमांकाचा आदेश निघाला.

विद्यापीठांनी मात्र आपापल्या पद्धती स्वतःच ठरवल्या. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसच्या वैद्यकीय महाविद्यालयाने १०० पैकी १६ जागा राखून ठेवल्या होत्या. १९७८ च्या 'बाकी' (Bakke) खटल्यात न्यायालयाने ते रद्द केलं. म्हणजे आपल्या अर्थाने 'राखीव जागा' अमेरिकेत तेव्हाच संपल्या. उरलं ते एवढंच की अर्ज पाहताना वर्ण हा अनेक घटकांपैकी एक घटक धरता येईल. २००३ मध्ये मिशिगन विद्यापीठाची १५० पैकी २० गुण सरसकट देण्याची पद्धत बाद झाली, पण प्रत्येक अर्ज समग्रपणे पाहण्याची पद्धत टिकली. न्यायमूर्ती ओ'कॉनर यांनी तेव्हाच लिहिलं होतं की २५ वर्षांनी याची गरज उरू नये. प्रत्यक्षात २० वर्षंच मिळाली.

२. २०२३ च्या निकालात नेमकं काय ठरलं?

'स्टुडंट्स फॉर फेअर ॲडमिशन्स' या संस्थेने दोन खटले भरले होते, एक हार्वर्डवर आणि एक नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठावर. हार्वर्डचा निकाल ६ विरुद्ध २ असा लागला, कारण न्यायमूर्ती केटांजी ब्राउन जॅक्सन त्या खटल्यापासून बाजूला राहिल्या होत्या. दुसरा ६ विरुद्ध ३. प्रवेश देताना वर्ण हा घटक धरणं १८६८ च्या चौदाव्या घटनादुरुस्तीत आणि १९६४ च्या नागरी हक्क कायद्यात बसत नाही, असं सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी लिहिलं. कृष्णवर्णीय न्यायमूर्ती क्लॅरेन्स थॉमस यांनी सहमतीचं स्वतंत्र निकालपत्र जोडलं. पुढचे बरेच प्रश्न त्यांच्याभोवती फिरतात.

३. कृष्णवर्णीय कॉन्झर्वेटिव्ह म्हणजे कोण? त्यांचा एखादा पक्ष आहे का?

पक्ष नाही, संघटनाही एक नाही. 'पुराणमतवादी' हा शब्द मी मुद्दाम टाळतो. मराठी कानाला त्यात सोवळं-ओवळं ऐकू येतं, आणि इथे त्याचा संबंध नाही.

ढोबळपणे सांगायचं तर सरकारी मदतीपेक्षा कुटुंब, शाळा, चर्च, धंदा आणि स्वतःची मेहनत यांवर भरवसा ठेवणारे कृष्णवर्णीय विचारवंत आणि राजकारणी. १९३० मध्ये जन्मलेले, हार्लेममध्ये वाढलेले आणि तरुणपणी मार्क्सवादी असलेले अर्थतज्ज्ञ थॉमस सोवेल. न्यायमूर्ती क्लॅरेन्स थॉमस. निबंधकार शेल्बी स्टील. कॅलिफोर्नियात सरकारी विद्यापीठांच्या प्रवेशात वर्ण पाहण्यावर बंदी घालणारा १९९६ चा २०९ क्रमांकाचा प्रस्ताव लढवून जिंकणारे वॉर्ड कॉनर्ली. साउथ कॅरोलायनाचे सिनेटर टिम स्कॉट. ग्लेन लाउरी यांना यादीत घालताना थोडं थांबावं लागतं. हार्वर्डच्या अर्थशास्त्र विभागात कायम पद मिळालेले ते पहिले कृष्णवर्णीय प्राध्यापक, आणि उजवीकडून डावीकडे, पुन्हा उजवीकडे असा त्यांचा प्रवास झालेला आहे. भाषातज्ज्ञ जॉन मॅकव्हॉर्टर स्वतःला कॉन्झर्वेटिव्ह म्हणवत नाहीत. सवलत वर्णावर नको, गरिबीवर द्या, एवढंच ते म्हणतात.

या विचाराची मुळं मात्र रिपब्लिकन पक्षाच्या आजच्या रूपापेक्षा कितीतरी जुनी आहेत. गुलामीत जन्मलेल्या बुकर टी. वॉशिंग्टन यांनी १८८१ मध्ये अलाबामात टस्कीगीची शाळा उभी केली. इमारतींसाठी विटा विद्यार्थ्यांनीच पाडायच्या असं ठरलं. कोणालाच ते काम येत नव्हतं. भट्टी तीनदा फसली, पैसे संपले. चौथ्या भट्टीसाठी वॉशिंग्टन यांनी आपलं घड्याळ १५ डॉलरला गहाण टाकलं, आणि ती भट्टी साधली. घड्याळ काही परत मिळालं नाही. पुढे तिथल्या विटा घ्यायला गोरे शेजारी येऊ लागले. आपल्या हातची वीट चांगली असेल तर गिऱ्हाईक वर्ण बघत नाही, हा त्या शाळेचा धडा. कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांनी त्यावर कडाडून टीका केली : मताचा हक्कच नसेल तर विटांचं काय करायचं? हा वाद आजही मिटलेला नाही. फक्त माणसं बदलली.

४. त्यांचा विरोध नेमका कशाला आहे? गोरगरिबांना मदत नको म्हणतात का?

मदत नको असं बहुतेक जण म्हणत नाहीत. वर्ण पाहून दिलेल्या मदतीची जी किंमत मोजावी लागते, तिच्याबद्दल ते बोलतात.

पहिली किंमत म्हणजे शंका. थॉमस १९७४ मध्ये येलच्या लॉ स्कूलमधून पदवी घेऊन बाहेर पडले. मोठमोठ्या वकिली फर्मच्या मुलाखतींत त्यांना जाणवलं की समोरच्याच्या मनात एकच प्रश्न आहे : हा खरंच हुशार आहे, की काळा म्हणून आत आलाय? नोकरी मिळेना. त्यांनी सिगारच्या पाकिटावरची १५ सेंट किमतीची चिकटपट्टी काढली आणि पदवीच्या चौकटीवर लावून टाकली. ही पदवी माझ्या हातात आली तेव्हा तिची किंमत एवढीच उरली होती, असं त्यांना म्हणायचं होतं. ती चौकट पुढे तळघरात पडून राहिली. या सगळ्या वादातलं दुसरं काही विसरलं तरी ती चिकटपट्टी मला विसरता येत नाही. आकडेवारीत ती कुठेच दिसत नाही.

दुसरं म्हणजे, उपकाराची भाषा त्यांना अपमानास्पद वाटते. १९९५ च्या एका निकालात थॉमस यांनी लिहिलं की पालकत्वाच्या भावनेतून केलेला भेदभाव हा द्वेषातून केलेल्या भेदभावाइतकाच घातक असू शकतो. त्याच वर्षी कॅन्सस सिटीच्या शाळांच्या खटल्यात ते आणखी पुढे गेले. जिथे बहुसंख्य मुलं कृष्णवर्णीय आहेत ती शाळा निकृष्टच असणार, असं न्यायालयं इतक्या सहज कसं धरून चालतात, याचं आपल्याला नवल वाटत आलं आहे, अशी त्या निकालपत्राची सुरुवात आहे. हे वाक्य मवाळ उजव्याचं नाही. त्यात कृष्णवर्णीय अस्मितावादाचा अंगार आहे. कॉलेजात मॅल्कम एक्स यांच्या भाषणांचा त्यांच्यावर मोठा प्रभाव होता, आणि तो पुरता पुसला गेलेला नाही.

तिसरं, गुलामीतून निसटलेले कृष्णवर्णीय नेते फ्रेडरिक डग्लस. २००३ च्या मिशिगन खटल्यातल्या आपल्या विरोधी निकालपत्राची सुरुवात थॉमस यांनी डग्लस यांच्या १८६५ च्या बोस्टनमधल्या भाषणाने केली. निग्रोंचं काय करायचं, असं लोक विचारतात. उत्तर एकच, काही करू नका. सफरचंदं स्वतःच्या बळावर झाडाला टिकत नसतील तर पडू द्या. भाषण जबरदस्त आहे. पण त्याच भाषणात डग्लस तातडीने मताधिकार मागत होते, आणि तो सरकारनेच द्यायचा होता. अवतरण वाचताना हेही वाचावं.

लाभ कोणाच्या पदरात पडतो, हा चौथा मुद्दा प्रश्न १४ मध्ये आहे. तो मराठी वाचकाला जास्त जवळचा आहे.

५. थॉमस स्वतः सवलतीनेच वर आले. मग शिडी वर ओढून घेतली, असंच ना?

'कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ' ही म्हण मला या प्रश्नासोबत अनेकदा लिहून आली आहे. अमेरिकेत याहून बोचरे शब्द वापरले जातात.

वस्तुस्थिती अशी : १९४८ मध्ये जॉर्जियातल्या पिन पॉइंट या खाडीकाठच्या वस्तीत जन्म. घरी गीची, म्हणजे तिथल्या कृष्णवर्णीयांची मिश्र बोली. नंतर सव्हानाला आजोबा मायर्स अँडरसन यांच्याकडे वाढले. आजोबा जेमतेम शिकलेले, ट्रकवरून घरोघरी इंधन तेल पोचवायचे, आणि नातवांकडून काम करून घ्यायचे. येलला अर्ज करताना आपला वर्ण विचारात घेतला जावा असं थॉमस यांनी स्वतःच सुचवलं होतं, हे त्यांनी आत्मचरित्रात लपवलेलं नाही. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे पहिले कृष्णवर्णीय न्यायमूर्ती थरगुड मार्शल यांच्या जागी त्यांची नेमणूक झाली, ५२ विरुद्ध ४८ मतांनी. त्या जागेसाठी कृष्णवर्णीय न्यायाधीशच शोधला जात होता, हे कोणापासून लपून राहिलं नव्हतं.

तेव्हा माणसावरचा आरोप बिनबुडाचा नाही. पण त्याने युक्तिवादाला उत्तर मिळत नाही. ज्याने औषध घेतलं त्यालाच त्याचे दुष्परिणाम सांगता येतात, असं त्यांचे समर्थक म्हणतात. मला एवढंच वाटतं की त्या औषधाशिवाय ते या जागी पोचले असते का, या प्रश्नाला त्यांनी आजवर समाधानकारक उत्तर दिलेलं नाही.

६. 'मिसमॅच' हा शब्द सारखा येतो. तो काय आहे?

एखादा चांगला विद्यार्थी आपल्या तयारीपेक्षा फार वरच्या संस्थेत सवलतीने गेला, तर तिथे तो तळाला जातो. हाच मुलगा एक पायरी खालच्या ठिकाणी गेला असता तर पहिल्या रांगेत असता. सोवेल हे १९७० च्या दशकापासून सांगत आले आहेत. कॉर्नेलमध्ये शिकवताना त्यांनी ते जवळून पाहिलं होतं. २००४ मध्ये रिचर्ड सँडर यांनी लॉ स्कूलच्या आकडेवारीवरून हीच मांडणी केली आणि मोठा गदारोळ उठला.

मुद्दा तर्काला पटतो, पण पुरावा त्याच्या बाजूने भक्कम नाही. विल्यम बोवेन आणि डेरेक बोक यांच्या १९९८ च्या अभ्यासात दिसलं की जास्त निवडक महाविद्यालयांत गेलेले कृष्णवर्णीय विद्यार्थी पदवी पूर्ण करण्यात मागे पडले नाहीत, उलट पुढे होते. कॅलिफोर्नियातल्या बंदीनंतरच्या काळाचा झॅकरी ब्लीमर यांनी अभ्यास केला. विद्यार्थी खालच्या पायरीवर सरकले, पण त्यांचं भलं झालं नाही; पदव्या आणि पुढची कमाई दोन्ही घटली. विज्ञान शाखांपुरता वाद अजून चालू आहे. माझ्या मते कृष्णवर्णीय कॉन्झर्वेटिव्हांचा सगळ्यात कच्चा मुद्दा हाच, आणि गंमत म्हणजे सगळ्यात जास्त उगाळला जाणाराही हाच.

७. म्हणजे हे लोक अमेरिकेत वर्णद्वेष उरलाच नाही म्हणतात?

असं म्हणणारेही भेटतात, पण प्रमुख मंडळी तसं म्हणत नाहीत.

जुलै २०१६ मध्ये टिम स्कॉट सिनेटमध्ये उभे राहिले आणि म्हणाले, लोकप्रतिनिधी असताना एका वर्षात पोलिसांनी माझी गाडी सात वेळा अडवली. बहुतेक वेळा कारण काय, तर चुकीच्या वस्तीत नवी गाडी चालवत होतो. सिनेटरची पिन कोटावर असूनही दारावरच्या अधिकाऱ्याने त्यांना रोखलं होतं : पिन ओळखतो, तुम्हाला ओळखत नाही, ओळखपत्र दाखवा. कट्टर रिपब्लिकन माणसाचं हे भाषण आहे.

थॉमस यांचंही तसंच. एरवी सुनावणीत गप्प बसणारे म्हणून ते प्रसिद्ध होते. पण डिसेंबर २००२ मध्ये क्रूस जाळण्याच्या खटल्यात ते मध्येच बोलले. दक्षिणेत शंभर वर्षं माणसं झाडाला लटकवली गेली आणि जळता क्रूस ही त्या दहशतीची खूण आहे, त्याला नुसतं मतप्रदर्शन कसं म्हणता? सभागृहाचा नूर बदलला.

सोवेल यांचं म्हणणं वेगळ्या वळणाचं आहे. वर्णद्वेष आहे, पण दोन समाजांमधली प्रत्येक तफावत त्यानेच पडली, हे आपोआप सिद्ध होत नाही. वेस्ट इंडीजहून न्यूयॉर्कला आलेले कृष्णवर्णीय इथल्या कृष्णवर्णीयांपेक्षा पुढे का, कातडी तर एकच, असं ते विचारतात. टीकाकारांचं उत्तर : बोटीत बसून परदेशी येणारे मुळातच जिद्दीचे आणि निवडक असतात. सातासमुद्रापार गेलेल्या मराठी माणसाला हे वेगळं सांगायला नको.

८. थॉमस आणि जॅक्सन यांच्यात काय खडाजंगी झाली?

दोघेही कृष्णवर्णीय, दोघांनीही एकमेकांचं नाव घेऊन लिहिलं. हे वारंवार होत नाही.

जॅक्सन यांनी दोन काल्पनिक अर्जदार उभे केले, जॉन आणि जेम्स. दोघांचीही घराणी नॉर्थ कॅरोलायनात विद्यापीठ स्थापन झालं त्या वर्षापासूनची. जॉन तिथे शिकणाऱ्या सातव्या पिढीतला. जेम्सच्या घरातला तो पहिला, कारण आधीच्या पिढ्यांना आधी गुलामीने आणि मग कायद्याने बाहेर ठेवलं. जॉनला घराण्याचा इतिहास सांगता येईल आणि जेम्सला नाही, हा कुठला न्याय? कायद्यात वर्ण नाही म्हटल्याने आयुष्यातून तो जात नाही, असं त्यांनी बजावलं.

थॉमस यांचं उत्तर : जेम्सने काय सोसलं ते जरूर पाहा, पण त्याच्या कातडीवरून ते गृहीत धरू नका. ॲपलेशियाच्या खाणकामगाराच्या गोऱ्या पोराचं काय? आफ्रिकेतून आलेल्या श्रीमंत डॉक्टरच्या मुलाचं काय? ही उदाहरणं माझी, मुद्दा त्यांचा. त्यांचा आधार होता रेल्वेत वर्णानुसार वेगळे डबे वैध ठरवणाऱ्या १८९६ च्या प्लेसी खटल्यातलं न्यायमूर्ती हार्लन यांचं एकट्याचं विरोधी निकालपत्र, ज्यात राज्यघटना रंग पाहत नाही हे वाक्य आहे. दोन्ही निकालपत्रं शेजारी ठेवून वाचावीत. त्यावरच्या चर्चेपेक्षा ती कितीतरी सरस आहेत.

९. सामान्य कृष्णवर्णीय जनता कोणाच्या बाजूने आहे?

प्रश्न कसा विचारला यावर उत्तर बदलतं. निकालाच्या तोंडावर प्यू या पाहणी करणाऱ्या संस्थेने विचारलं की निवडक कॉलेजांनी प्रवेशात वर्ण पाहावा का. कृष्णवर्णीयांपैकी ४७ टक्के हो म्हणाले, २९ टक्के नाही. २०२४ च्या सुरुवातीला आलेल्या गॅलपच्या पाहणीत निकालाबद्दल विचारलं, तर ५२ टक्के कृष्णवर्णीयांनी तो बहुतांशी चांगला म्हटला. म्हणजे या मुद्द्यावर समाज एकसंध नाही, हे तरी नक्की.

मतदानात मात्र आजही तो बराच एकसंध आहे. १९६० मध्ये रिपब्लिकन उमेदवार निक्सन यांना साधारण एक तृतीयांश कृष्णवर्णीय मतं होती. १९६४ मध्ये नागरी हक्क कायद्याविरुद्ध मत दिलेले गोल्डवॉटर त्याच पक्षाकडून उभे राहिले आणि ती मतं ६ टक्क्यांवर आली. तेव्हा तुटलेलं नातं पुन्हा जुळलं नाही. २०२४ च्या मतदानोत्तर पाहण्यांत ट्रम्प यांना सुमारे १३ टक्के मतं दिसतात. कृष्णवर्णीय पुरुषांत ती जास्त, स्त्रियांत फारच कमी. स्वभावाने सनातनी, चर्चला जाणारे, शिस्तीचे असे लाखो कृष्णवर्णीय डेमोक्रॅट पक्षाला मत देतात. विचार आणि मत यांतली ही फट दिसली नाही तर अमेरिकन राजकारण कळत नाही.

१०. सगळे कृष्णवर्णीय रिपब्लिकन अफर्मेटिव्ह ॲक्शनच्या विरोधात होते का?

मुळीच नाही. उलट त्याला नोकऱ्यांच्या क्षेत्रात दात दिले ते एका कृष्णवर्णीय रिपब्लिकनने. निक्सन यांचे श्रम खात्यातले अधिकारी आर्थर फ्लेचर यांनी १९६९ मध्ये फिलाडेल्फिया योजना राबवली. सरकारी बांधकामाच्या कंत्राटदारांना अल्पसंख्य कामगार घेण्याची उद्दिष्टं आणि मुदती घालून दिल्या. 'अफर्मेटिव्ह ॲक्शनचे जनक' म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. कोलिन पॉवेल यांनी २००० च्या रिपब्लिकन अधिवेशनात उघडपणे त्याची बाजू मांडली. काँडोलिझा राइस यांनीही २००३ मध्ये वर्ण एक घटक धरायला हरकत नाही असं म्हटलं. त्या परंपरेला आता पक्षात वाली उरलेला नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

११. निकालानंतर कृष्णवर्णीय विद्यार्थी किती कमी झाले?

सगळीकडे सारखं झालं नाही. २०२४ च्या पहिल्या तुकडीत एमआयटीत कृष्णवर्णीयांचं प्रमाण आधीच्या १३ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आलं. ॲमहर्स्टमध्ये ११ वरून ३. हार्वर्डमध्ये १८ वरून १४. येल आणि प्रिन्स्टनमध्ये जवळजवळ फरक नाही. हार्वर्ड लॉ स्कूलच्या पहिल्या वर्षात आदल्या वर्षी ४३ कृष्णवर्णीय होते, ते १९ राहिले.

कॅलिफोर्नियात हे आधीच दिसलं होतं. २००६ मध्ये यूसीएलए या लॉस एंजेलिसमधल्या सरकारी विद्यापीठाच्या सुमारे ४,८०० नव्या विद्यार्थ्यांत कृष्णवर्णीय फक्त ९६ होते. तिथे '९६' हा आकडा आजही लोकांच्या ओठांवर आहे. कॉनर्ली यांचं म्हणणं, प्रवेशाच्या दारात उभं राहून आकडे मोजू नका, त्या मुलांच्या शाळा दुरुस्त करा. बरोबर आहे. पण शाळा दुरुस्त होईपर्यंत जी मुलं अठरा वर्षांची झाली त्यांचं काय, हे विचारलं की उत्तर येत नाही. २०२० मध्ये त्याच डेमोक्रॅट कॅलिफोर्नियात बंदी उठवण्याचा प्रस्ताव मतदारांनी ५७ टक्क्यांनी फेटाळला, हेही नोंदवायला हवं.

१२. मग माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना मिळणाऱ्या सवलतीचं काय? ती तर चालूच आहे.

हो, आणि तिथेच खरी कसोटी आहे. हार्वर्ड खटल्यातल्या आकडेवारीनुसार प्रवेश मिळालेल्या गोऱ्या विद्यार्थ्यांपैकी ४३ टक्क्यांहून अधिक हे खेळाडू, माजी विद्यार्थ्यांची मुलं, प्राध्यापकांची मुलं किंवा देणगीदारांसारख्या खास यादीतले होते. निकालानंतर टिम स्कॉट यांनी हार्वर्डने ही वारसा-सवलत बंद करावी असं म्हटलं. थॉमस यांनी २००३ मध्येच या ढोंगावर बोट ठेवलं होतं, पण राज्यघटना फक्त वर्णाबद्दल बोलते, वशिल्याबद्दल नाही, असं म्हणून ते थांबले. कॅलिफोर्नियाने २०२४ मध्ये कायदा करून खासगी विद्यापीठांतही ती बंद केली. वर्णाच्या सवलतीवर तुटून पडणारा माणूस या सवलतीवर काय बोलतो, ते मी आधी पाहतो.

१३. आमची मुलगी यंदा अर्ज करणार आहे. निबंधात वर्णाबद्दल लिहिता येतं का? आणि भारतीयांना याचा फायदा होतो का?

लिहिता येतं. वर्णामुळे आयुष्यात काय घडलं, त्यातून तुम्ही काय शिकलात, हे लिहिलं तर कॉलेजला ते विचारात घेता येतं, असं निकालातच म्हटलं आहे. मात्र गुण त्या धैर्याला किंवा नेतृत्वाला मिळाले पाहिजेत, वर्णाला नाही.

फायद्याचं म्हणाल तर खटल्यात आशियाई अर्जदारांना व्यक्तिमत्त्वाच्या शेऱ्यांत कमी गुण मिळतात हे उघड झालं होतं, आणि थॉमस यांनी आशियाईंवरच्या जुन्या अन्यायांचा इतिहासही मांडला. पण येलमध्ये २०२४ ला आशियाईंचं प्रमाण वाढण्याऐवजी घटलं. न्यू जर्सीच्या एडिसनमधल्या एका आईने मला विचारलं होतं, 'आता तरी आमच्या पोराला मिळेल ना?' मी तिला सांगितलं तेच इथे सांगतो : एकेका जागेमागे वीस-वीस अर्ज असताना हा निकाल तुमच्या घरापुरता फारसा काही बदलत नाही.

सैनिकी अकादमींचा प्रश्न निकालाने एका तळटीपेत बाजूला ठेवला होता. म्हणजे कृष्णवर्णीय बोर्डरूममध्ये नको, बंकरमध्ये चालतील, असं जॅक्सन यांनी सुनावलं. २०२५ मध्ये ट्रम्प सरकारने तीही वाट बंद केली, आणि जॉन्सन यांचा १९६५ चा आदेशही २१ जानेवारी २०२५ ला रद्द केला.

१४. सोवेल यांनी भारताबद्दलही लिहिलंय. मग आरक्षण हटवायला त्यांचा दाखला का देऊ नये?

द्या, पण पूर्ण वाचून द्या. २००४ च्या पुस्तकात त्यांनी भारत, मलेशिया, श्रीलंका, नायजेरिया आणि अमेरिका यांची तुलना केली. तात्पुरत्या म्हणून आणलेल्या सवलती कायमच्या होतात, आणि गटातले आधीच बऱ्या स्थितीतले लोक त्या उचलतात, हे त्यांचे दोन मुख्य निष्कर्ष. महाराष्ट्रातल्या अनुसूचित जातींमध्ये वैद्यकीय जागा कोणाकडे जास्त गेल्या, हेही त्यांनी तपासलं आहे.

दुसऱ्या निष्कर्षावर आपल्याकडे काम झालं आहे, पण वेगळ्या दिशेने. १९९२ च्या इंद्रा साहनी निकालाने ओबीसींतून क्रीमी लेयर वगळला. १ ऑगस्ट २०२४ ला सात न्यायमूर्तींच्या पीठाने ६ विरुद्ध १ मतांनी अनुसूचित जातींच्या उपवर्गीकरणाला मान्यता दिली. चाळणीची भोकं मोठी असतील तर चाळणी बदलायची, धान्य फेकायचं नाही. ओबामांनीही २००७ मध्ये म्हटलं होतं की माझ्या मुलींना सुस्थितीतल्या मुलीच समजावं.

आणि 'राज्यघटना रंग पाहत नाही' हा थॉमस यांचा आधार इथे लागूच होत नाही, कारण आपली राज्यघटना विशेष तरतुदीची परवानगी शब्दांत देते. महाराष्ट्राचं अमेरिकेशी या बाबतीतलं नातं वेगळ्या ठिकाणी आहे. जोतीरावांनी १८७३ ची 'गुलामगिरी' गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकन लोकांना अर्पण केली. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये डु बॉइस यांना पत्र लिहिलं. १९७२ मध्ये मुंबईच्या तरुणांनी ब्लॅक पँथर्सवरून दलित पँथर हे नाव घेतलं. हा धागा सोडून फक्त सोवेल उचलायचे, हे मला प्रामाणिक वाटत नाही.

१५. माणूस कुठे वाढला यावरून त्याचं मत ठरतं का? गरिबीतून आलेला कॉन्झर्वेटिव्ह होतो, असं काही?

शेल्बी स्टील यांना एक जुळा भाऊ आहे, क्लॉड. १ जानेवारी १९४६ चा जन्म. शिकागोजवळ एकाच घरात वाढले. वडील कृष्णवर्णीय ट्रकचालक, आई गोरी, समाजसेविका. आई-वडील दोघेही नागरी हक्क चळवळीतले. चेहरा सारखा, शाळा सारखी.

शेल्बी म्हणतात, वर्णावरून दिलेली सवलत कृष्णवर्णीय विद्यार्थ्याच्या मनात स्वतःबद्दल शंका पेरते, आणि गोऱ्यांना मात्र अपराधभावातून स्वस्तात सुटका मिळते. क्लॉड मानसशास्त्रज्ञ आहेत. १९९५ मध्ये त्यांनी जोशुआ ॲरन्सन यांच्याबरोबर स्टॅनफर्डमध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. अवघड परीक्षा देताना ही तुमच्या बुद्धीची चाचणी आहे असं सांगितलं, की कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे गुण पडायचे. नुसता एक कोड्यांचा सराव आहे असं सांगितलं, की ती घसरण जवळजवळ नाहीशी व्हायची. त्यांच्या मते शंका सवलतीने येत नाही, ती समाजात आधीच पसरलेली असते, आणि परीक्षेचे गुण तिच्यासकट वाचावे लागतात. मिशिगनच्या खटल्यात त्यांनी विद्यापीठाच्या बाजूने तज्ज्ञ म्हणून अहवाल दिला. त्या शंकेबद्दलच दोघांनी आयुष्यभर लिहिलं.